तिघांनी पाहिलेलं विमान

४ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

नव्या तळावर रुळले एकदाची. खोली लहान आहे, खिडकी धावपट्टीच्या बाजूला, त्यामुळे गजर लावायची गरज नाही. फोन फाटकावरच जमा करावा लागतो, म्हणून पत्र. तसंही फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" याच्या पुढे कधी गेला नाहीत.

नवं विमान कसं आहे, असं विचारलं होतंत. विमानाचं सोडा मामा, लढायची रीतच बदलली आहे. जे छापून आलंय तेवढंच लिहिते, नाहीतर तुम्हीच निवृत्त अधिकाऱ्याच्या थाटात मला झापाल. तुमच्या वेळी ज्याचं रडार त्याचं. तुम्हाला जे दिसेल ते तुमचं, आणि जोडीदाराला सांगायचं तर रेडिओवर ओरडून. आता सगळ्यांचं दिसणं एकत्र होतं. खूप मागे टेहळणीचं मोठं विमान असतं, खाली जहाज असतं, जमिनीवरचं केंद्र असतं आणि आम्ही. एकाला दिसलं की सगळ्यांच्या स्क्रीनवर येतं. म्हणून पुढे जाणाऱ्याने स्वतःचं रडार बंद ठेवायचं. रडार लावणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत टॉर्च पेटवणं. आपल्याला दिसतं, पण आपणही सगळ्यांना दिसतो. आता टॉर्च मागच्याच्या हातात आणि पुढचा अंधारातून चालतो. नेमही मागच्याने दाखवलेल्यावर धरायचा.

जोडीदारही पंखाला पंख लावून नसतो. माझा इतका लांब असतो की मला तो हवेत कधीच दिसलेला नाही. स्क्रीनवर हिरवा ठिपका, तोच तो. इथे सगळे त्याला 'मौनी' म्हणतात, कारण तो क्षणभर गप्प बसत नाही. बायको दातांची डॉक्टर आहे. म्हणतो, "घरी तोंड उघडलं की ती तपासायला लागते, म्हणून बोलायचं ते इथेच बोलून घेतो." पण गंमत म्हणजे वर गेल्यावर तोही गप्प. बोलणार काय? मला दिसतं तेच त्याला दिसतं.

मामीला सांगा, मी वेळेवर जेवते. (खोटं आहे, पण सांगा.)

तुमची भिंगरी

१३ फेब्रुवारी

भिंगरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग माझ्या हातात दिलं. जेवणाबद्दलचा कंसही तिने वाचला. तेव्हा ते तुझं तू निस्तर.

वाचून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आणि जरा धस्सही झालं. आम्ही जोडीने उडायचो तेव्हा जोडीदाराचं हेल्मेट दिसायचं. त्याने मान कुठे वळवली त्यावरून कळायचं की याला काहीतरी खटकलंय. रेडिओवर शब्द येण्याआधी मी वळलेला असायचो. तुझा तो हिरवा ठिपका मान कशी वळवणार?

इथली गोष्ट ऐक. मला आता इमारतीचं सेक्रेटरी केलंय, म्हणजे पाण्याच्या टाकीपासून लिफ्टपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खायची नोकरी. लोकांनी हट्ट धरून फाटकावर कॅमेरे लावून घेतले. वॉचमन बिचारा दिवसभर स्क्रीनकडे टक लावून. मागच्या आठवड्यात एक इसम भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची सायकल घेऊन त्याच्या पाठीमागून चालत निघून गेला. वॉचमनला विचारलं तर म्हणतो, "साहेब, कॅमेऱ्यात नाही आला तो." खुर्ची फिरवली असती तर फाटक दहा पावलांवर होतं.

मी जुना माणूस आहे, हे गृहीत धरून वाच. पण वाट दुसऱ्याने पाहिलेली असली तरी ठेच आपल्याच पायाला लागते.

तुझा मामा

२ मार्च

मामा,

तुमचं पत्र मौनीला मोठ्याने वाचून दाखवलं. वॉचमनवर तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा नकाशावर सांडला. आता आमच्या तुकडीत कोणी चुकलं की "कॅमेऱ्यात नाही आला तो" म्हणतात. तुम्ही इथे प्रसिद्ध झाला आहात.

पण मामा, तुम्ही चुकताय. मागच्या आठवड्यात सराव झाला. जुन्या पद्धतीने लढणारी एक तुकडी समोर, एकेक मुरलेला वैमानिक. मी रडार बंद ठेवून त्यांच्या अगदी जवळ शिरले आणि त्यांना पत्ता नाही. ते सगळे मौनीच्या दिशेला तोंड करून त्याला शोधत होते आणि मी बाजूने, मागच्या विमानाने दाखवलेल्या ठिपक्यांवर नेम धरून, एकेकाला बाद करत गेले. खाली उतरल्यावर त्यांचा प्रमुख म्हणाला, "आम्ही लढलोच नाही. नुसतेच मेलो." तो तुमच्याच वयाकडे झुकलेला होता. त्याचा चेहरा पाहून मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, तो भाग वेगळा.

एक मात्र खुपलं. सरावात एक लाल ठिपका आला, 'शत्रू' म्हणून. शेजारी खूण होती की तीन ठिकाणांहून खात्री झालेली आहे. मी नेम धरलाही. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं की ते आपलंच मालवाहू विमान आहे. नंतर शोधलं तर पाहिलं होतं फक्त जहाजाने. केंद्राने ते जहाजाकडून घेतलं, टेहळणीच्या विमानाने केंद्राकडून घेतलं, आणि यंत्राने तिघांना तीन साक्षीदार मानलं. मी आमच्या तुकडीप्रमुखांना, सीओसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे आम्हाला. पुढच्या सुधारणेत निघेल." माणूस चांगला आहे, टाळत नव्हता. पण पुढची सुधारणा कधी येणार ते त्यांनाही माहीत नाही.

भिंगरी

१० मार्च

भिंगरी,

तुझ्या मामीच्या चुलत बहिणीचं लग्न मोडल्याची बातमी आपल्या घरी तीन तोंडांनी आली होती, आठवतं? तुझ्या आईने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, मामीच्या भावाने तर शपथेवर सांगितलं. आम्ही सांत्वनाला गेलो तर नवरीमुलगी दारात पाहुण्यांना सरबत देत होती. तिघांनाही सांगणारी बाई एकच निघाली. तुमच्या यंत्रात आणि आपल्या नातेवाइकांत फार फरक दिसत नाही मला.

पण हे हसण्यावारी नेऊ नकोस. नातेवाईक चुकले तर सरबत पिऊन परत येता येतं. तू क्षेपणास्त्र सोडलंस की ते परत येत नाही. म्हणून मामा म्हणून नाही, वैमानिक म्हणून सांगतो, आणि खाली रेघ ओढून सांगतो: शंका आली तर स्वतःचं रडार लाव आणि स्वतः बघ. कोणी रागावलं तर रागावू दे. बढती अडली तर अडू दे. बाकी सगळ्याला औषध आहे.

मौनीला आशीर्वाद. नकाशा धुऊन घ्या म्हणावं.

मामा

९ एप्रिल

भिंगरी,

तू सुखरूप आहेस एवढं तुझ्या आईकडून कळलं. बातम्यांत सांगतात ते असं: समुद्रावर चकमक झाली, आपलं एक विमान गेलं, वैमानिकाला पाण्यातून जिवंत काढलं. आणि वाट चुकलेलं एक प्रवासी विमान शत्रूचं समजून पाडलं जाणार होतं, ते एका वैमानिकाच्या सावधपणामुळे वाचलं. शंभरावर माणसं होती म्हणे त्यात.

नाव सांगत नाहीत. मला नावाची गरज काय? तो वैमानिक तूच. रडार लावलंस ना? स्वतः पाहिलंस ना? अगं, मी घरभर फिरलो, मामीला म्हटलं, "बघ, मी लिहिलं होतं! रेघ ओढून लिहिलं होतं!" खालच्या वॉचमनलासुद्धा सांगून आलो. नाव न घेता हं, तेवढा शहाणपणा शिल्लक आहे. तुझ्या आजोबांना हे कळायला हवं होतं. माझ्या साऱ्या नोकरीत मी जे केलं नाही ते तू एका सकाळी केलंस.

सगळं सविस्तर लिही. वाट पाहतो.

मामा

२१ एप्रिल

मामा,

मी बरी आहे. चौकशी चालू आहे, म्हणून काही लिहिता येत नाही. उड्डाण बंद आहे. कृपा करून अभिनंदन करू नका, आणि कोणाला सांगूही नका.

भिंगरी

६ मे

बाळ भिंगरी,

हे पत्र मी लिहितेय, मामी. मामा टाकीवाल्याशी भांडायला खाली गेलेत असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते भांडत नाहीत हल्ली. सेक्रेटरीपण दुसऱ्यावर सोपवलं. टाकी भरून वाहिली तरी उठत नाहीत.

तुझं चार ओळींचं पत्र आलं, त्यातलं "कृपा करून" त्यांना लागलं. तू त्यांना आयुष्यात कधी कृपा करून म्हटली नाहीस. मग त्यांनी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला गाठलं. पाण्यातून काढलेला वैमानिक म्हणजे तुझा मौनी, एवढं त्याच्याकडून कळलं. तुझ्या रडारमुळे त्यांची जागा उघडी पडली असं तो म्हणाला. नक्की काय ते त्यालाही ठाऊक नाही.

तेव्हापासून ते चौकशी मंडळाला पत्र लिहीत बसलेत. लिहितात, फाडतात, पुन्हा लिहितात. "दोष माझा आहे, मुलीचा नाही" असं काहीतरी. मी म्हटलं, "अहो, तिला आधी विचारा तरी." तर म्हणाले, "ती मला सांगायची नाही. मला सांभाळून घेतेय."

खरं असेल तर सांभाळून घेऊ नकोस. तू जे गाळतेस ते हे स्वतः भरून काढतात, आणि जास्त वाईट रंगाने भरतात. कडू असेल तर कडू लिही. आणि जेवत जा. हे मात्र खोटं चालणार नाही.

मामी

१७ मे

मामा,

माझी साक्ष झाली, त्यामुळे आता लिहिता येतं तेवढं लिहिते.

सकाळची वेळ होती, आकाश स्वच्छ. मी पुढे, खाली, रडार बंद. मौनी डावीकडे लांब आणि बराच वर. पलीकडची दोन विमानं त्यांच्या हद्दीवर घिरट्या घालत होती. आम्ही त्यांना दिसत नव्हतो. तेवढ्यात आमच्या बाजूला येणारा एक नवा ठिपका उमटला. लाल. तीन ठिकाणांहून खात्री. केंद्रातून परवानगीही आली. मी नेम धरला, आणि मला शंका आली. ठिपका फार सरळ चालला होता. लढायला निघालेला माणूस असा सरळ रस्त्याने गेल्यासारखा जात नाही.

तुमची रेघ आठवली का? हो, आठवली. तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते. पण रडारचं बटण दाबणारं बोट माझं होतं, आणि ती रेघ नसती तरी मी बहुतेक दाबलंच असतं. हे 'बहुतेक' मी मंडळापुढेही म्हटलं.

रडार लावलं. ठिपका मोठा, संथ. जवळ जाऊन कॅमेऱ्यातून पाहिलं: पांढरं पोट आणि खिडक्यांची रांग. दूरचं वादळ टाळायला वाट सोडलेलं, ओळख सांगणारं यंत्र बंद पडलेलं साधं प्रवासी विमान. मी ओरडले, "प्रवासी आहे, प्रवासी आहे!" त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं, मामांना कधी एकदा सांगते.

आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या दोघांना कळलं होतं की इथे कोणीतरी आहे. त्यांनी तोंड वळवलं आणि त्यांच्या रडारला खालची मी नाही, उंचावरचा मौनी आधी सापडला. तो रडार बंद, निर्धास्त, स्क्रीनकडे बघत. आपण अंधारात आहोत असंच त्याला वाटत होतं. त्यांनी क्षेपणास्त्र सोडलं, आणि त्याला धोक्याची घंटा ऐकू आली तेव्हा वळायला जागाच उरली नव्हती. तो खुर्चीसकट बाहेर पडला, पाण्यात पडला, वाचला. मणक्याला मार आहे. पाय हलत नाहीत. उडणं संपलं.

मी त्याला इथल्या हॉस्पिटलात भेटले. वाटलं होतं, चेष्टा करेल. नाही केली. छताकडे बघत म्हणाला, "तू रडार लावलंस, बरोबर केलंस. मीही लावलं असतं."

मी म्हटलं, "मौनी, मला माफ कर."

"कशाबद्दल? ते सांग आधी."

मग तोच म्हणाला, "आपल्या दोघांत बोलायची वाट होती ना? बाहेर ऐकू न जाणारी? त्यावर एक शब्द टाकायचास. 'लावतेय.' एवढंच. मी तेव्हाच खाली सुटलो असतो."

मामा, मी तो शब्द का टाकला नाही, हे मंडळाच्या अध्यक्षांनी मला तीन प्रकारे विचारलं. घाई होती असं म्हणता आलं असतं. पण घाई नव्हती, वेळ होता. खरं कारण असं की माझ्या मनात आलंच नाही. आम्हाला सवयच राहिली नाही. समोरच्याला सगळं दिसतंय, मग सांगायचं कशाला? त्याच्या स्क्रीनवर तो लाल ठिपका होता, माझा हिरवा ठिपका होता, वारा होता, इंधन होतं. माझी शंका तेवढी नव्हती.

तेव्हा तुमचं पत्र मंडळाला पाठवू नका. तुमचा सल्ला चुकला नाही. तो अर्धा होता, आणि उरलेला अर्धा मला स्वतःला सुचायला हवा होता. हे माझं आहे मामा, ते माझ्याकडून घेऊ नका.

भिंगरी

३० मे

भिंगरी,

मंडळाला लिहिलेलं पत्र फाडून टाकलं. खरं सांगायचं तर त्यात दोष कबूल करण्यापेक्षा मिरवणंच जास्त होतं. मामीने वाचून म्हटलं, "यात 'मी' किती वेळा आलंय ते बघा जरा." बघितलं. लाज वाटली.

मौनीला इथल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय, हे तुला कळलं असेल. मी गेलो होतो. दारात तीनदा घुटमळलो. आत त्याची बायको त्याची नखं कापत बसली होती. मी म्हटलं, "मी भिंगरीचा मामा."

त्याने मान वळवून पाहिलं. "रेघवाले मामा?"

"हो."

"तुमचं ते पत्र तिने मला वाचून दाखवलं होतं. मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, म्हातारा बरोबर बोलतोय, पण आपल्याला कधी गरज पडणार नाही."

मी त्याच्या खाटेशेजारी थोडा वेळ बसलो. मग त्याच्या बायकोने मला बाहेर गाठलं. ती रागावलेली होती, आणि तिने ते लपवलं नाही. म्हणाली, "सगळे येतात आणि त्या शंभर माणसांबद्दल सांगतात. मला माहीत आहेत ती माणसं. मी त्यांच्या बातम्या पाहिल्या, लेकरं कडेवर घेऊन उतरताना पाहिली. पण ती माझ्याकडे हिशोब चुकता करायला आणू नका. मला हा एकच आहे." मी मान खाली घालून ऐकलं. तुझ्यावर राग आहे का, असं विचारायचं धाडस झालं नाही. आहे असं वाटतं. असू दे. तिचा हक्क आहे.

पुन्हा जाणार आहे. त्याने 'या' म्हटलं नाही, 'येऊ नका' असंही म्हटलं नाही.

आमच्या वेळी हेल्मेट दिसायचं असं मी फुशारकीने लिहिलं होतं. परवा बसल्या बसल्या वाटलं, दिसायचं म्हणूनच आम्हीही कधी तोंडाने सांगायला शिकलो नाही.

मामा

१९ जून

मामा,

निकाल लागला. रडार लावणं ठरलेल्या डावाच्या विरुद्ध होतं, पण विमान ओळखणं योग्य होतं. जोडीदाराला न सांगणं ही गंभीर चूक. माझी बढती थांबली आणि ताकीद नोंदली गेली. उडायची परवानगी परत मिळाली. यंत्रातही बदल होतोय: साक्षीदार किती ते नाही, मुळात पाहिलं कोणी ते आता ठिपक्याशेजारी दिसणार. तो बदल बसेपर्यंत लाल ठिपक्याची खात्री तोंडी करून घ्यायची, असा हुकूम निघाला. सीओसाहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला. वाचताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

काल पहिल्यांदा वर गेले. नवी जोडीदार माझ्याहून अनुभवी आहे, शांत, नेमकं काम करणारी. मौनीच्या जागी आता तिचा हिरवा ठिपका होता. मग समुद्रावर एक ठिपका आला. पिवळा, म्हणजे अजून न ठरलेला. काही विशेष नव्हतं. पण त्याचं वळणं मला पटेना. मी आमच्या त्या वाटेवर म्हटलं, "मला शंका आहे."

मग ती म्हणाली, "मलाही होती. मघापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुला दिसतंच आहे."

तो ठिपका मासेमारीवर लक्ष ठेवणारं आपलंच छोटं विमान निघालं. आम्ही दोघी परत आलो, उतरलो, हेल्मेट काढली, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिलाही तेच सुचलं असावं जे मला सुचलं.

त्या सकाळी मौनीच्या स्क्रीनवरही तोच लाल ठिपका होता, तितकाच सरळ चाललेला. त्यालाही शंका आली होती का, हे मी त्याला विचारलेलं नाही. मंडळानेही विचारलं नाही. रविवारी रजा मिळतेय. तुमच्याकडे उतरेन, तिथून हॉस्पिटलात जाईन. तुम्ही बरोबर येऊ नका. त्याची बायको असेल तर आधी तिला विचारेन, आत येऊ का.

भिंगरी